नाशिकमध्ये ड्रोन: अडीचशे ग्रॅमच्या थापेला भुलू नका

‘अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन कुठेही उडवा, काही लागत नाही.’ हे रीलमध्ये ऐकलं, दुकानदाराने सांगितलं, ट्रेकच्या ग्रुपवरही वाचलं. नाशिकपुरतं तरी ही शुद्ध थाप आहे. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलटचं लायसन्स लागत नाही, आणि हौसेखातर उडवलेल्या 2 किलोपर्यंतच्या मायक्रोलाही नाही, एवढंच खरं. लाल झोन, म्हणजे ड्रोनला बंदी असलेला हवाई भाग, वजन बघत नाही.

आणि नाशिकला काय काय आहे बघा: देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टरचा तळ, ओझरला विमानतळ आणि हवाई दल, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. निघायच्या दिवशी सकाळी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा ड्रोन-झोनचा नकाशा उघडा. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही, पिवळा म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाला विचारून, हिरवा म्हणजे जमिनीपासून 400 फुटांपर्यंत. विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा 200 फूट. शिवाय पोलिसांचे तात्पुरते बंदी आदेश निघतात ते वेगळेच. सिंहस्थाच्या काळात तर शहरात आणि त्र्यंबकला ड्रोन काढूच नका.

आम्ही दिंडोरीच्या बाजूला एका डोंगरावर गेलो. नाव मुद्दाम देत नाही, दिलं तर पुढच्या रविवारी तिथे जत्रा भरेल. भाग हिरवा होता. पण खरा त्रास कड्यावर.

स्क्रीनवर दिसते ती उंची तुम्ही जिथून उडवलं तिथपासूनची. कड्याबाहेर पन्नास पावलं नेला की खालची जमीन दीडशे-दोनशे मीटर खोल जाते. स्क्रीन शून्य म्हणते आणि तुम्ही 120 मीटरची, म्हणजे त्या 400 फुटांची, मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते! म्हणून कड्याच्या शॉटसाठी पायथ्यावरून उडवा, वरून नाही. वरून खाली सोडला तर परतीला चढण आणि समोरून वारा, दोन्ही एकदम. आमचा निम्म्या बॅटरीवर वळवला होता, तरी कड्याला आपटून उसळणाऱ्या वाऱ्यात तो जागच्या जागी हलत राहिला आणि टक्के भराभर उतरले. कसाबसा पठारावर टेकला तेव्हा माझे हात थरथरत होते. सकाळी अकरानंतर कड्यावर उडवू नका, बस्स. ‘रिटर्न टू होम’ची उंची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतो ती, कड्याच्या वर ठेवा आणि बॅटरी 50 टक्क्यांवर यायच्या आधीच माघारी फिरा.

अंजनेरीला नेऊ नका. तिथे गिधाडांची घरटी आहेत आणि जागा वनखात्याची. बहुल्याचा किल्ला तोफखान्याच्या गोळीबार क्षेत्रात आहे, तिथे नुसतं चढायलाही परवानगी लागते. ड्रोन तर विसराच.

दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाकडे गेलो. छान होतं. ड्रोन पिशवीतच राहिला.

आता पैशांचं. पायथ्याला एकाने ‘ड्रोन चार्ज’ म्हणून पाचशे मागितले, ‘परमिशन आमच्याकडूनच असते’ म्हणाला. पावती मागितल्यावर दोनशेवर आला, पुन्हा मागितल्यावर गायब झाला. उड्डाणाची परवानगी पायथ्याला विकत मिळत नाही. कुणाच्या शेतातून उडवायचं असेल तर त्या शेतकऱ्याला मात्र आधी विचारा, आणि पार्किंगचे पैसे द्या. त्याची पावती मिळते.