अमृतसरचा नाश्ता आणि माझे ओट्स

आईला कधीपासून पंजाबातल्या घुमानला जायचं होतं. २०१५ ला तिथे मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा टीव्हीवर बघून तिने ठरवलंच होतं की नामदेव महाराज जिथे राहिले ते गाव बघायचं. यंदा योग आला, दादा-वहिनी, आई आणि मी असे गोल्डन टेम्पल मेलने निघालो. ही म्हणजे जुनी फ्रंटियर मेल, १९२८ पासूनची, फाळणीच्या आधी थेट पेशावरला जायची. एक दिवस आणि वर एक रात्र ट्रेनमध्ये बसून चकली, चिवडा, दशम्या खात खात जायचं, तेव्हा कॅलरीची सुरुवात तिथूनच झाली म्हणायला हरकत नाही.

माझ्या खाण्याबद्दल आधी सांगून टाकतो. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आल्यापासून मी सकाळी ओट्स खातो, उभ्यानेच, एका हातात फोन. त्याचं पुण्य साधारण अकरापर्यंत टिकतं, मग ऑफिसात चहाबरोबर खारी, चारला कोणीतरी वडापाव मागवतंच, रात्री जेवण झाल्यावर डब्यातला फरसाण. पण कोणी विचारलं की नाश्ता काय करता, तर ओट्स.

अमृतसरला पहिल्या दिवशी पहाटे दरबार साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात गेलो. त्यावेळी पालखी साहिब निघते, अंधारात सरोवरात सोनेरी प्रतिबिंब, गर्दी असूनही गोंगाट नाही, ते वर्णन मी करत नाही, जाऊन बघा. मी सांगणार ते कडाह प्रसादाबद्दल. कणीक, तूप आणि साखर समसमान. आपल्या सत्यनारायणाच्या शिऱ्याचं माप असंच, फक्त तिथे रवा आणि केळं. दोन्ही हातांच्या ओंजळीत गरम गोळा पडतो आणि खाऊन झालं तरी तळहातावर तूप चमकत राहतं. आईने ते हात धुतलेच नाहीत, कोपरापर्यंत चोळून टाकलं.

मग कुलचा. आपल्याकडे हॉटेलात नानच्या धाकट्या भावासारखं जे पांढरं मऊ काहीतरी येतं ते डोक्यातून काढून टाका. इथे मैद्याच्या पिठाला तूप लावून लावून घड्या घालतात, आत बटाटा, कांदा, धणे, अनारदाणा, आणि तंदूरच्या भिंतीला थापतात. बाहेर आला की वर लोणी टाकून तो माणूस दोन्ही हातांनी कुलचा चुरडतो, म्हणजे पापुद्रे सुटतात आणि लोणी खालपर्यंत उतरतं. ते बघताना हात भाजत कसे नाहीत हाच विचार येतो. सोबत छोले आणि चिंच-कांद्याची आंबट चटणी, आणि माझ्या मते खरा जीव त्या चटणीत आहे, ती नसती तर अर्ध्यावरच तोंड मिटलं असतं. प्लेटमध्ये कुलच्यावर अजून एक लोण्याचा गोळा असतोच. दादा म्हणाला, हा वेगळा मागवला का कोणी? कोणी नव्हता मागवला.

वर लस्सी. स्टीलचा उंच ग्लास, वर साय, सायीवर परत लोणी, पेडेवाली घेतली तर आत पेढा कुस्करून. लस्सी पितात की खातात हे तिथे ठरवता येत नाही, चमचा देतात.

वहिनी अशा वेळी गप्प बसणाऱ्यातली नाही. "भावजी, शंभर ग्रॅम लोण्यात सातशेच्या वर कॅलरी असतात, तुमचे ओट्स काय म्हणतायत?" म्हणलं वहिनी, हिशोब दुपारी करू. पण दुपारी हिशोब करायला काही नव्हतंच, कारण संध्याकाळपर्यंत कोणाला भूक लागली नाही. चहा नाही, खारी नाही, आणि फरसाणाची पिशवी बॅगेत तशीच. मग मी हॉटेलच्या खोलीत पडून माझ्या नेहमीच्या दिवसाची बेरीज केली आणि वहिनीला ती सांगितली नाही.

आता कोणी म्हणेल की पंजाबी लोक रोज असं खातात म्हणून धडधाकट. आमच्या रिक्षावाल्या काकांना विचारलं तर ते हसले. रोज घरी पराठा, दही, लोणचं, आणि कुलचा रविवारी, पूर्ण कुटुंब घेऊन. खरंच, रविवारी कुलच्याच्या दुकानाबाहेर स्कूटरवर चार-चार जणं दिसतात. रोज खातो तो टुरिस्ट.

दुसऱ्या दिवशी लॉरेन्स रोडला पुरी-छोले खाल्ले, त्याच्याबरोबर बटाट्याची गोड-आंबट लौंजी देतात. चांगलं होतं, पण कुलच्यापुढे पुरी म्हणजे पुरीच. केसर दा ढाबा मात्र सोडू नका, १९१६ साली शेखूपुऱ्यात सुरू झालेला, फाळणीनंतर इकडे आलेला. तिथली काळी डाळ तासन् तास शिजते, आणि पराठा तुपात इतका न्हालेला की आईने बोटांनी दाबून बघितला. तो नाश्ता नाही, पण आम्ही तो सकाळी उशिरा खाल्ला म्हणून इथे घातला.

घुमानला गाडी करून गेलो, गुरदासपूर जिल्ह्यात आहे, गव्हाच्या शेतांतून रस्ता. नामदेव दरबारात आईला बघून एका आजोबांनी विचारलं, महाराष्ट्र से? आणि लगेच हात जोडले. गुरु ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत, तिथल्या लोकांसाठी ते आपलेच भगत नामदेव. आईचे डोळे भरून आले, आणि त्यानंतर लगेच लंगर. सकाळी अमृतसरला कुलचा खाऊन निघालेलो, पोटात जागा शून्य, आणि सेवादार "परशादा जी" म्हणत रोटी वाढत येतो. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची आणि ताटात टाकायचं नाही हा नियम. दादाने हळूच हात मागे घेतले तर आईने असं बघितलं की परत पुढे आले. डाळ, रोटी, खीर, आणि खीर परत वाढायला आलेच. वहिनीने त्या दिवशी कॅलरी काढल्या नाहीत.

जाणार असाल तर थंडीत जा, उन्हाळ्यात हे झेपणार नाही. आणि कुलच्यासाठी सकाळीच निघा, चांगल्या दुकानांत दुपार झाली की तंदूर थंड व्हायला लागतो. दोघांत एक घ्या असं मी सांगेन, पण तुम्ही ऐकणार नाही, आम्हीही ऐकलं नव्हतं.