जुन्या गाडीतलं मिक्स ब्रेक ऑइल काढलं, माझा अनुभव

सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा बाकी सगळं ठीक होतं पण ब्रेक ऑइल काळपट तपकिरी झालेलं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ४ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) छापलंय आणि डिकीत सापडली डॉट ३ ची अर्धी बाटली. आधीच्या मालकाला फोन केला तर म्हणाले, "अहो लेव्हल कमी दिसली की मेकॅनिक टाकायचा काहीतरी, मी कधी बघितलं नाही." या 'काहीतरी'नेच माझी झोप उडवली.

मग जरा वाचलं, ओळखीच्या मेकॅनिकला विचारलं. डॉट ३, ४ आणि ५.१ हे तिन्ही ग्लायकॉल नावाच्या रसायनापासून बनलेले, एकमेकांत मिसळले तरी सील वगैरे खराब होत नाहीत, फक्त उकळण्याचा पॉइंट खाली येतो. कोऱ्या डॉट ३ चा कमीत कमी २०५ डिग्री, डॉट ४ चा २३०, आणि ऑइलने हवेतला ओलावा ओढून घेतला की तेच १४० आणि १५५ वर येतात. लांब घाटात सारखा ब्रेक दाबत उतरताना ऑइल उकळलं तर वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं. खरी भीती डॉट ५ ची, तो सिलिकॉनचा असतो, ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम) गाडीत तर नकोच. आता ५ आणि ५.१ अशी नावं कोणी ठेवली देव जाणे, दुकानात घाईत माणूस फसणारच.

डॉट ५ जांभळा असतो पण माझं ऑइल इतकं काळं की रंगावरून काय कळणार, म्हणून सिरिंजने थोडं काढून पारदर्शक बाटलीत घेतलं, त्यात थोडं पाणी टाकून हलवलं आणि ठेवून दिलं. सिलिकॉन असतं तर दोन थर वेगळे झाले असते. माझं सगळं एकजीव झालं, हुश्श! (ते परत टाकीत ओतायचं नाही हे सांगायला नकोच.) झाकणाखालचं रबरही बघितलं, कारण कोणी चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टेअरिंगचं ऑइल टाकलं असेल तर ते रबर फुगतं, आणि मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सिस्टिममधली सगळी रबरं बदलावी लागतात. माझं रबर फुगलेलं नव्हतं.

म्हणजे पूर्ण फ्लश करून (जुनं सगळं बाहेर काढून) नवीन सीलबंद डॉट ४ भरलं की झालं. आधी टाकीतलं जुनं सिरिंजने ओढून काढलं, नवीन भरलं, मग मॅन्युअलमधल्या क्रमाने एकेक चाक, माझ्या गाडीत सगळ्यात लांबच्यापासून सुरुवात. भाऊ पेडलवर, मी निपलवर (चाकाजवळचा ऑइल बाहेर काढायचा स्क्रू). "दाब... धरून ठेव", मी निपल सैल करणार, नळीतून काळं ऑइल आणि बुडबुडे, निपल बंद, "आता सोड". मी बंद म्हणायच्या आधी पाय उचलला की हवा आत, त्यावरून आमची थोडी वादावादी पण झाली. पहिल्या चाकाला जुनं संपता संपेना, नंतर एकदम नळीत स्वच्छ पिवळसर दिसायला लागलं. मधेमधे टाकी भरत राहायची, रिकामी झाली तर मास्टर सिलेंडरमध्ये (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा पंप) हवा जाते आणि पुन्हा पहिल्यापासून. फेंडरवर ओलं फडकं टाकून ठेवलेलं, कारण हे ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं.

पेडल आता कडक लागतंय, आधी थोडं स्पंजी होतं. एबीएस युनिटमध्ये थोडं जुनं राहिलं असणार, ते स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून काढतात, माझ्याकडे स्कॅनर नाही. राहिलं ते डॉट ३ किंवा ४ च आहे म्हणून मी सोडून दिलं, डॉट ५ निघाला असता तर गाडी सरळ वर्कशॉपला नेली असती.