पाणी नाही, मग ऊस कशाला?

‘तुमच्याकडं प्यायला पाणी नाही, तरी ऊस कशाला लावता?’ पुण्याकडचे पाहुणे लग्नाकार्यात हे हमखास विचारतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून तर जास्तच. लातूरची तहान भागवणारं मांजरा धरण आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, धनेगावला. ते आटलं ते माझ्याच एकरभर उसानं, असं काहींना वाटतं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो.

ऊस पाणी पितो, यात वाद नाही. आडसाली लावला तर दीड वर्ष रानात उभा. पण भावाची खात्री दुसरं कुठलं पीक देतं? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. मोंढ्यात माल चार-सव्वाचार हजारानं गेला. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, कायद्यानं बांधलेली आहे. पैसे लांबतात, तोडीची पाळी लावणाऱ्या कारखान्याच्या माणसामागं, चिटबॉयमागं, फिरावं लागतं, पण दर त्याखाली उतरत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली तेव्हा ज्वारी, गहू, मोसंबी सगळं झोपलं. उसाची पानं फाटली, पण तो तगला. काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला की सोयाबीनला शेंगेतच मोड फुटतात; उसाच्या सरीत चार दिवस पाणी थांबलं तर फारसं बिघडत नाही. म्हणजे पाऊस जितका लहरी, तितका माणूस उसाकडं सरकतो. तुम्ही त्याला हाव म्हणा, आमच्या लेखी तो पीकविमा आहे.

मात्र हा विमा ज्याच्या विहिरीला पाणी त्यालाच मिळतो, आणि हप्ता शेजारी भरतो. आमच्या जमिनीखाली काळा पाषाण. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या मऊ खडकात. त्याखाली नुसत्या भेगा. एकानं पाचशे फूट बोअर पाडला की दुसऱ्याची साठ फुटी विहीर मार्चातच तळ दाखवते. ६० मीटरच्या खाली जायला कायद्यानं मनाई आहे खरी, पण बोअरची गाडी रात्री येते आणि तिथं टेप धरायला कुणी उभं नसतं. शेततळ्यांचंही तेच. ती पावसाचं पाणी धरायला होती. आता प्लास्टिक अंथरून त्यात बोअरचं पाणी ओततात आणि एप्रिलचं ऊन ते पिऊन टाकतं. तरी कागदोपत्री हा दुष्काळावरचा उपाय. मला यात उपायापेक्षा पळवापळवीच जास्त दिसते.

ज्याची विहीर उघडी पडली तो काय करतो? कोयता घेतो, ऊसतोडीला जातो. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावं दसरा-दिवाळीला रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि निघाले पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. खाडा झाला की दंड कापतात, मग बाईची पाळी असो नाहीतर दुखणं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाहुण्यांच्या प्रश्नात ही बाई कधी येत नाही.

‘मग दुसरं काही लावा की,’ असंही म्हणतात. लावतात की! आमच्या चुलतभावानं रेशमासाठी तुती लावलीय. उसाच्या मानानं पाणी बरंच कमी, वर्षात चार-पाच वेळा रेशमाचे कोष निघतात. पूर्वी ते विकायला कर्नाटकात रामनगरला जावं लागे, आता जालन्यात बाजार आहे. मला स्वतःला हा मार्ग पटतो. पण तुतीलाही थोडं का होईना बारमाही पाणी लागतं, आणि रेशीमकिड्यांच्या शेडला आधी पदरचे पैसे घालावे लागतात. अनुदान मागाहून, हप्त्याहप्त्यानं. माळावरच्या दीड एकरवाल्याकडं यातलं काहीच नाही. बँक त्याला दारात उभी करत नाही. ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम मात्र पोळ्याच्या सुमारासच घरी येऊन उचल, म्हणजे आगाऊ पैसे, हातावर ठेवतो.