स्लॅबला चुना मारताना

मार्च सरत आला की सोलापुरात रात्री अकरालाही पंखा वरून गरम वाराच खाली ढकलतो. म्हणून यंदा स्लॅबला आपणच चुना मारायचं ठरवलं. कळीचा चुना स्वस्त मिळाला, पाच किलो आणला.

खडे प्लास्टिकच्या बादलीत टाकले, वर तांब्याभर पाणी ओतलं. अर्धा मिनिट काहीच नाही. वाकून बघतेय तोच खडे तडतडायला लागले, फुगले, फुटले आणि वाफेचा लोट तोंडावर आला. बादली एका अंगाने मऊ पडून कलली. एक शिंतोडा मनगटावर उडाला. हात बराच वेळ नळाखाली धरला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

शेजारचे गवंडीमामा कठड्यावरून बघत होते. "काय करालाव ताई? चुन्यावर पाणी नसतंय घालायचं. पाण्यात चुना सोडायचा, थोडा थोडा."

उरलेला चुना मग लोखंडी पिंपात, भरपूर पाण्यात सोडला. तरी पिंपाला हात लावायची सोय नव्हती. मामांनी रात्रभर विरू द्यायला सांगितलं.

रात्री लेकाचं बारावीचं रसायनशास्त्र घेऊन बसले. ५६ ग्रॅम कळीचा चुना पाण्याशी संयोग पावताना सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता सोडतो. म्हणजे शुद्ध चुना असेल तर एका किलोत ३० अंशांचं जवळजवळ चार लिटर पाणी उकळीला येईल. आणि मी घातलं होतं तांब्याभर!

पण ही उष्णता आली कुठून? भट्टीतून. सुमारे ९०० अंशांवर चुनखडी भाजताना तेवढ्याच चुन्यामागे १७८ किलोज्यूल शोषले जातात. त्यातले ६५ माझ्या बादलीत बाहेर पडले. उरलेले ११३ चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होताना पडतात. बेरीज बरोबर जुळते. रसायनशास्त्रज्ञ हेसने १८४० मध्ये मांडलेला नियम हाच: टप्पे कितीही असोत, उष्णतेची एकूण बेरीज तीच. आम्ही तो नुसता पाठ केला होता.

"म्हणजे स्लॅब आतून तापणार की!" लेक म्हणाला.

मीही चपापले. हिशेब केला: सगळ्या पाच किलोंचे मिळून दहा हजार किलोज्यूल, तेही हळूहळू. एवढी उष्णता तर आमच्या गच्चीच्या एका चौरस मीटरवर अर्ध्या दिवसाच्या उन्हातच पडते. सकाळी उजाडताच त्याच्या हातात ब्रश दिला.