तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला ट्रॅक डे कोणता घेऊ?

"ताई, घाटात माझा हात चांगला बसलाय, आता ट्रॅक डे करायचाय. कुठे करू आणि नाव कुठल्या ग्रुपमध्ये घालू?" ट्रॅक डे म्हणजे पैसे भरून, रेसच्या बंद ट्रॅकवर मोटरसायकल चालवायचा दिवस. पावसाळा सरत आला की हा प्रश्न मला हमखास येतो. पुण्याहून येतो, नाशिकहून येतो, कोल्हापूरहून येतो. प्रश्नात गाडीचं नाव असतं, सायलेन्सर कुठला बसवलाय तेही असतं. चालवणाऱ्याबद्दल मात्र एक ओळ नसते. म्हणून मी उलट विचारते: वळणात शिरताना ब्रेक कुठे सोडता? मध्येच घाबरलात तर उजवा हात काय करतो? इथे बरेच जण थबकतात, कारण हे त्यांना कधी कुणी विचारलेलंच नसतं.

उत्तर आधी सांगते, कारणं मग. पहिला दिवस शिकवणाऱ्यांचा घ्या. लहान ट्रॅकवर, जमेल तितक्या लहान गाडीवर घ्या. आणि नाव सगळ्यात खालच्या ग्रुपमध्ये घाला, घाटात तुम्ही कितीही जणांना मागे टाकत असलात तरी.

ट्रॅक डेला सहसा तीन ग्रुप असतात: नवखे, मधले आणि अनुभवी. आळीपाळीने एकेक ग्रुप पंधरा-वीस मिनिटं ट्रॅकवर जातो. लोकांना वाटतं ही वाटणी वेगाची आहे. वेग त्यात येतोच, पण ग्रुपमागून ग्रुप खरा बदलतो तो ओव्हरटेकिंगचा नियम. नवख्यांना बहुतेक ठिकाणी फक्त सरळ पट्ट्यावर, भरपूर अंतर सोडून पुढे जायची मुभा असते. मधल्यांना वळणात बाहेरच्या बाजूने जाता येतं. अनुभवींना कुठूनही. म्हणजे वरच्या ग्रुपमध्ये तुमची गाडी पुरती झोपलेली असताना कुणीतरी दोन हातांच्या अंतरावरून आतून निघून जाणार, आणि तुम्ही धरलेली रेघ, म्हणजे वळणातला तुमचा मार्ग, सोडणार नाही या भरवशावरच तो तिथे घुसलेला असणार. तुम्ही दचकून थ्रॉटल (उजव्या मुठीतला ॲक्सिलरेटर) मिटलात तर त्याचा तो भरवसा त्याच क्षणी खोटा ठरतो, आणि त्याला जायला जागा उरत नाही.

म्हणून पातळी मोजायची माझी कसोटी एकच आहे: तुम्ही पुढच्या क्षणी काय करणार हे मागच्याला कळतं का? साताऱ्याची एक मुलगी दोनशे सीसीच्या गाडीवर यायची. सरळ पट्ट्यावर सगळे तिला मागे टाकायचे. पण ती प्रत्येक फेरीत त्याच खुणेला ब्रेक धरायची, त्याच ठिकाणी गाडी वळवायची, आणि वळणाच्या तोंडाशी पोचेपर्यंत पुढे गेलेले निम्मे जण पुन्हा तिच्या समोर असायचे. दुपारी इन्स्ट्रक्टरने तिला मधल्या ग्रुपमध्ये घातलं. त्याच दिवशी लिटर क्लासची, म्हणजे हजार सीसीची गाडी घेऊन आलेल्या एकाला खाली आणलं. त्याचा वेग तिच्या कितीतरी वर होता, पण दर फेरीला त्याची रेघ वेगळी असायची, आणि त्याच्या मागे राहायला कुणी तयार नव्हतं.

आता घाटाचं. ताम्हिणी किंवा लवासाचा रस्ता तुमच्या प्रश्नात असतोच, आणि घाट माझाही आवडता आहे. पण घाट जे शिकवतो ते ट्रॅकला जसंच्या तसं लागू पडत नाही. घाटात आपण आपल्या अर्ध्या रस्त्यात राहतो, आणि तसंच राहायला हवं. आंधळ्या वळणावर समोरून एसटी आहे असं धरूनच चालायचं. डोळे जवळच्या डांबरावर असतात, कारण खडी, शेण, डिझेल, काहीही असू शकतं. ट्रॅकवर ही नजर तोट्याची ठरते. तिथे रस्ता पूर्ण रुंदीचा तुमचा असतो, तरी घाटातून आलेला माणूस सवयीने डाव्या अर्ध्यातच वळतो आणि समोरच्या दहा फुटांत बघत राहतो. मग वळण त्याच्या अंगावर येतं. नजर लांब टाकायला शिकण्यातच पहिला अख्खा दिवस जातो, आणि तो सार्थकी लागला असं मी म्हणेन. उलट बाजूही सांगून ठेवते: ट्रॅकवरची रुंद रेघ घेऊन परत घाटात गेलात तर पांढरा पट्टा ओलांडाल. ती रेघ ट्रॅकवरच सोडून या.

उजव्या हाताबद्दल मी एवढं का विचारते? वळणात थ्रॉटल हळूहळू, सलग उघडत राहिला तर गाडीचं वजन मागच्या चाकाकडे सरकतं. साधारण ४० टक्के पुढे आणि ६० टक्के मागे असं वजन राहिलं की गाडी स्थिर चालते, हे ट्रॅक स्कूलमध्ये पहिल्याच तासाला सांगतात. घाबरून थ्रॉटल मिटला की वजन धाडकन पुढे येतं, पुढचा सस्पेन्शन दबतो, खाली जमिनीपासूनचं अंतर कमी होतं आणि रेघ बिघडते. भीती वाटणं थांबवता येत नाही. भीती वाटली तरी हात जागेवर ठेवणं मात्र सरावाने येतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर "थ्रॉटल सोडतो" असं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. शिकवणाऱ्यांचे दिवस तेवढ्यासाठीच असतात.

ट्रॅक डे म्हणून जे जे विकलं जातं ते सगळं एकसारखं नसतं, हे पैसे भरण्याआधी समजून घ्या. काही दिवस नुसते मोकळे असतात: पैसे भरा, ब्रीफिंग ऐका, फेऱ्या मारा. काही दिवस गाड्यांच्या कंपन्या आपल्या ग्राहकांसाठी ठेवतात. तिथे शिकवणं थोडं आणि हौस जास्त असते, तरी पहिली चव घ्यायला ते बरे. आणि काही दिवस शाळेचे असतात. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल हे त्यातलं जगभर माहीत असलेलं नाव. कीथ कोड यांनी ते १९८० मध्ये सुरू केलं आणि आपल्याकडे त्याचे वर्ग चेन्नईजवळच्या ट्रॅकवर झाले आहेत. त्यांच्या पहिल्या पातळीचा सगळ्यात पहिला सराव ऐकून अनेकांचा हिरमोड होतो: एकाच गिअरमध्ये चालवायचं आणि ब्रेकला हात लावायचा नाही. वेग वळणाआधी थ्रॉटलनेच जुळवायचा. सुरुवातीला फार हळू वाटतं. दोन-चार फेऱ्यांनंतर लक्षात येतं की आपण आजवर प्रत्येक वळणात गरजेपेक्षा जास्त वेगाने शिरून, मग घाबरून ब्रेक मारत होतो. पुढचे सराव वळायची नेमकी जागा ठरवणं, गाडी एकदाच पण पटकन वळवणं, हँडलवर अंगाचा भार न टाकणं, असे एकेक करून येतात. एका वेळी एकच गोष्ट. नवख्याला याच पद्धतीचा दिवस मानवतो, मग तो कुठल्याही शाळेचा असो.

ट्रॅक कुठला, हाही पातळीचाच प्रश्न आहे. कोइंबतूरजवळ चेट्टीपालयमला करी मोटर स्पीडवे आहे, रेसर एस. करीवर्धन यांच्या नावाचा. लांबी जेमतेम दोन किलोमीटरच्या वर. सरळ पट्टा लहान, वळणं पाठोपाठ. मोठ्या गाडीला इथे पाय पसरायला जागा नाही, आणि नवख्यासाठी तेच चांगलं: वेग चढायच्या आत पुढचं वळण येतं, आणि वीस मिनिटांत एकच वळण इतक्या वेळा भेटतं की चूक पुढच्याच फेरीत सुधारता येते. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा आहे. तिथलं पहिलं वळण, सगळे ज्याला सी-वन म्हणतात ते, सरळ पट्ट्याच्या शेवटी पूर्ण वेगात येणारं उजवं वळण आहे. ते वळण धीर बघतं. शाळेबरोबर गेलात तर इरुंगाट्टुकोट्टई पहिल्या दिवसालाही चालेल. मोकळ्या दिवसाला गेलात तर सी-वनपाशी तुम्ही एकटे असाल.

ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट बघायचा मोह सगळ्यांना होतो. २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वन झालं, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची जागतिक शर्यत झाली, आणि त्याच डांबरावर आपली गाडी न्यायची ही इच्छा मला पूर्ण समजते. पण तो ५ किलोमीटरच्या वरचा आहे, चढउतार आहेत, आणि मागचा सरळ पट्टा एक किलोमीटरपेक्षा लांब आहे. लहान गाडीवर त्या पट्ट्यावर नुसतं बसून राहावं लागतं. मोठ्या गाडीवर पट्ट्याच्या टोकाला जो वेग होतो, तो उतरवायचं कौशल्य पहिल्या वर्षी कुणाकडेच नसतं. बुद्धला जा, जरूर जा, पण तिसरा-चौथा ट्रॅक डे म्हणून.

गाडी लहान हवी असं म्हणते तेव्हा सगळ्यात जास्त वाद होतो. माझं मत पक्कं आहे. दीडशे ते चारशे सीसीची गाडी चूक माफ करते आणि चूक दाखवतेही. वळणात वेग घालवलात तर तो परत मिळवायला तिच्याकडे ताकद नसते, त्यामुळे आपण वळणं नीट करायला शिकतो. मोठी गाडी पुढच्या पट्ट्यावर सगळं झाकून टाकते. घरी मोठीच गाडी असेल तर ट्रॅकवर भाड्याने लहान गाडी मिळते का ते विचारा. पुण्याहून कोइंबतूर काय किंवा चेन्नई काय, बाराशे किलोमीटरच्या आसपास पडतं. तेवढं चालवत जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकवर उतरायचं असेल तर जाऊच नका. दमलेल्या माणसाने ट्रॅकवर उतरू नये. गाडी टेम्पोने पाठवा आणि स्वतः रेल्वेने जा.

आयोजकाला फोन करा आणि थेट विचारा: ग्रुप सीसीवर पाडता की कौशल्यावर? एका वेळी ट्रॅकवर किती गाड्या सोडता? एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? ट्रॅकवर ॲम्ब्युलन्स दिवसभर उभी असते ना? मध्येच ग्रुप बदलता येतो का? ज्याची उत्तरं पटापट आणि नेमकी येतात त्याच्याकडे पैसे भरा. सीसीवर ग्रुप पाडणाऱ्याकडे नवख्याने जाऊ नये, असं मी स्पष्टच सांगते. तिथे सहाशेची गाडी घेतलेला कालचा मुलगा आणि दहा वर्षं रेस करणारा एकाच वेळी पिट लेनमधून, म्हणजे ट्रॅकवर उतरायच्या वाटेवरून, बाहेर पडतात.

सामानाचं थोडक्यात: लेदर सूट, तो दोन भागांचा असेल तर कमरेला पूर्ण गोल चेनने जोडला जाणारा, पाठीचा प्रोटेक्टर, मनगट झाकणारे ग्लव्ह्ज, घोट्याच्या वर जाणारे बूट, फुल फेस हेल्मेट. बऱ्याच ठिकाणी सूट भाड्याने मिळतो, आदल्या दिवशी घालून बसून बघा. आरसे काढावे लागतात, दिव्यांच्या काचांवर टेप लावावी लागते, टायरची हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवतात. झेंडे मात्र घरूनच पाठ करून जा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, वेग उतरवून सावकाश पिटमध्ये.

विम्याबद्दल कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. आपल्या नेहमीच्या वाहन विम्याच्या कागदावर "वापराच्या मर्यादा" असा भाग असतो, त्यात आयोजित रेसिंग, स्पीड टेस्टिंग वगैरे स्पष्ट वगळलेलं असतं. ट्रॅकवर गाडी पडली तर खर्च तुमचा, हे धरून चाला. लहान गाडीचा आग्रह धरायला हेही एक कारण आहे.

महिना निवडताना आपलं पावसाचं गणित तिकडे लावू नका. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे आपल्याकडे आभाळ निवळतं तेव्हा. एप्रिल-मेमध्ये लेदर घालून तिथे उभं राहणंही कठीण. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात बरे. तरी दर सेशननंतर पाणी प्या, आणि दुपारच्या शेवटच्या सेशनला अंग जड वाटत असेल तर सूट उतरवा. पैसे भरलेत म्हणून शेवटचं सेशन करायचंच, हा हिशेब धरून बसू नका. दमलेल्या मनाचं लक्ष पहिल्यांदा ब्रेकच्या खुणेवरून उडतं.

आणि मधल्या ग्रुपमध्ये कधी जायचं? प्रत्येक वळणाची तुमची ब्रेकची खूण, वळायची जागा आणि बाहेर पडायची जागा कागदावर काढून दाखवता आली, आणि शेजारून कुणी गेलं तरी थ्रॉटलवरचा हात हलला नाही, की इन्स्ट्रक्टरला सांगा, "दोन फेऱ्या माझ्या मागे या." तो येईल, बघेल आणि पिटमध्ये हो की नाही ते सांगेल. नाही म्हणाला तर कुठल्या वळणामुळे, ते विचारून घ्या आणि पुढच्या सेशनला त्याच एका वळणावर काम करा.