येतोय

संध्याकाळी साडेसातला मी नवऱ्याला फोन करते. "कुठे पोचलास?" पलीकडून एकच शब्द, "येतोय." येतोयस ते कळलं रे, पण कुठवर आलास? म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा फोन. तो उचलत नाही. मग आणखी दोन. घरात पाऊल टाकताच तो मोबाइल माझ्यासमोर धरतो, पंचनाम्याला मुद्देमाल मांडावा तसा. तीन मिस्ड कॉल.

त्याचंही खरं आहे म्हणा. अंधेरीहून मेट्रोनं घाटकोपर, तिथल्या पुलावर मुंगीच्या पावलांनी सरकायचं, मग सॅक पोटाशी धरून भांडुपसाठी स्लो लोकल. खिशात फोन थरथरतोय आणि दोन्ही हात वर अडकलेले. "तू सारखी करतेस म्हणून मी उचलत नाही." "तू उचलत नाहीस म्हणून मी सारखी करते." घाटकोपरला गाडीच्या दारात हेच चालतं. चढणारे आधी घुसतात म्हणून उतरणारे ढकलतात, उतरणारे ढकलतात म्हणून चढणारे घुसतात. पहिला धक्का कोणाचा, हे सगळ्यांना ठाम माहीत असतं. दुसऱ्याचा.

लेक टीवायला आहे, मानसशास्त्र घेऊन. ती म्हणाली, पॉल वॉत्झलाविक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ सालीच हे लिहून ठेवलंय. नवरा गप्प म्हणून बायकोची कटकट, बायकोची कटकट म्हणून नवरा गप्प. भांडण सलग असतं, त्यात विरामचिन्हं मात्र जो तो आपल्या सोयीनं घालतो. बरोबर आहे. माझं वाक्य त्याच्या न उचललेल्या फोनपासून सुरू होतं, त्याचं माझ्या फोनपासून.

पण आमची सुरुवात मला पक्की ठाऊक आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल बंद, मोबाइल लागेना. सव्वा वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन मी रात्रभर लँडलाइनवरून त्याचा नंबर फिरवत बसले. तो पवईमार्गे चालत सकाळी आला, दारात बूट उपडे केले तर गढूळ पाणी आणि एक पिंपळाचं पान. ते पान अजून डोळ्यांसमोर आहे.

हे ऐकून तो म्हणाला, "नाही, सुरुवात २७ जुलैला झाली. ऑफिसात तासातासाला फोन यायला लागले."

परवा ठरवलं, आज करायचाच नाही. साडेसात वाजले, आठ वाजले. हात कणकेत, डोळे घड्याळात. तो आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. फोन आला नव्हता हे त्याच्या गावीही नाही! मी गप्प. "काय झालं?" "काही नाही." मग तोही गप्प, आणि त्याचं ते गप्प बसणं पाहून मी आणखीच गप्प.

काल पुन्हा केला. "कुठे पोचलास?"

"येतोय," आणि जरा थांबून, "कांजूर गेलं."

मी तवा चढवला.