दाढ काढायची नव्हतीच

"ही दाढ काढून टाका डॉक्टर, म्हणजे सुटले मी." खुर्चीत टेकता टेकताच बाईंनी उजवीकडच्या खालच्या शेवटच्या दाढेवर बोट ठेवलं. तीन महिने ठणका होता. कानातही दुखायचं म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या, तर कान ठणठणीत निघाला.

दाढ ठोकून पाहिली, थंड लावून पाहिलं, एक्स-रे काढला. किडीचा ठिपकासुद्धा नाही. अशा वेळी दाढ काढून मोकळं होणं सगळ्यात सोपं, आणि त्या दिवसापुरता पेशंटही खूश. मी त्यांना दात आवळायला सांगितले आणि गालाखाली टणक झालेला मॅसेटर, म्हणजे चावण्याचा जाड स्नायू, बोटाने दाबून धरला. पाच-सहा सेकंद गेले असतील. "हो, हीच कळ! दाढेतच गेली!" बाई ओरडल्याच.

दुखणं स्नायूत आणि कळ दाढेत, हे सांगून पटत नाही. असं दाबून दाखवलं की लगेच पटतं. मग झोपेत दात आवळण्या-घासण्याच्या बाकीच्या खुणाही दिसायला लागल्या. सुळ्यांची टोकं झिजून सपाट, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, कानापुढच्या सांध्यात तोंड उघडताना 'टक' असा आवाज. पट्टी लावली तर तोंड जेमतेम 31 मिलिमीटर उघडत होतं. मोठ्या माणसाचं एरवी 40 च्या पुढे सहज जातं.

मापं घेतली आणि वरच्या सगळ्या दातांवर बसणारी, कडक पारदर्शक ॲक्रिलिकची स्प्लिंट करून घेतली. फक्त रात्री घालायची. पुढच्या चार दातांपुरती किंवा नुसत्या दाढांपुरती स्प्लिंट मी देत नाही. जास्त दिवस वापरली की न झाकलेले दात सरकतात, आणि चावाच बदलून बसतो. स्प्लिंटने सांधा 'जागेवर बसतो' असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. मी तसं सांगत नाही. स्नायूंना जरा उसंत मिळते आणि दातांची झीज प्लॅस्टिकवर जाते, एवढं मिळालं तरी पुष्कळ. दिवसा दात टेकवायचे नाहीत, ओठ मिटलेले आणि दात सुटे, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

आठवड्याने आल्या त्या तोंड पाडूनच. "सकाळी उठले की उजवा गाल आधीपेक्षा जड. तुमची ही वस्तू मला सोसत नाही."

स्प्लिंट घालून, दात जिथे टेकतात तिथे शाईचा ठिपका उमटवणारा निळा आर्टिक्युलेटिंग पेपर ठेवून चावायला लावलं. ठिपके दोन्ही बाजूंना छान सारखे. माझं काम मलाच पसंत पडलं. काही समजेना, म्हणून खुर्ची सरळ करून चूळ भरायला सांगितली. चूळ भरून त्यांनी दात दोनदा आपटले आणि म्हणाल्या, "बघा, आता उजवीकडे आधी लागतंय."

तेव्हा कुठे माझी चूक माझ्या लक्षात आली. स्प्लिंट दिली त्या दिवशी ती घासून बसवण्याचं सगळं काम मी त्यांना आडवं ठेवूनच केलं होतं. आडवं झालं की खालचा जबडा जरा मागे जातो. बसलं की चावा वेगळा पडतो. ताठ बसवून पुन्हा कागद धरला. स्प्लिंटवर उजव्या शेवटच्या दाढेच्या जागी गडद निळं कडं आणि मधोमध पांढुरका डाग. जोर पडला की शाई मधून निघून जाते, तोच हा डाग. हँडपीसला बर, म्हणजे घासायचं फिरतं टोक, लावून तिथे हलकेच घासलं, पुन्हा कागद, पुन्हा घासलं. आधी दात आपटले की 'ट-टक' असा फुटका आवाज येत होता. चौथ्यांदा एकच 'टक' आला. बाईंनी स्वतःच हात वर केला. "आता दोन्हीकडे एकदम."

पॉलिश करत होते तेवढ्यात त्यांनी पिशवीतून भरतकामाची रिंग काढली, टाका घातला आणि उजव्या दाढांमध्ये दोरा धरून खटकन तोडला. मी हातातलं काम थांबवून बघतच राहिले.

"ताई, हे दिवसातून किती वेळा?"

त्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. "मोजलं नाही कधी. कात्री शोधत कोण बसणार!"

सहा आठवड्यांनी आल्या तेव्हा गळ्यात नाडीला छोटी कात्री होती. तोंड 42 मिलिमीटर उघडलं. मॅसेटर दाबला तर गालात किंचित दुखलं, दाढेत कळ गेली नाही. स्प्लिंट दिव्याखाली धरून दाखवली. काचेसारखी दिली होती, आता सुळ्याच्या जागी तिरपे ओरखडे पडले होते. त्यांनी एकावर नख फिरवून पाहिलं.

"हे मी केलं? झोपेत?"

"तुम्हीच. घासणं थांबलेलं नाही, फक्त आता दात वाचतायत."

डबी बंद करताना त्यांना आठवलं. "आणि तो कानापुढचा टक आवाज? तो अजून येतोच."

"दुखतं का वाजताना? अडकतं?"

"नाही."

"मग वाजू द्या."